ट्रॅफिक-फ्री म्हणजे नक्की किती फ्री?

मा. संपादक, स.न.वि.वि.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलनं फिरण्याबद्दल लेख आला होता. फोटो झकास होते आणि लेखही आवडला, कारण फ्रान्स म्हटलं की आयफेल टॉवर आणि परफ्यूमच्या दुकानापुढे आपल्या पुरवण्या सहसा जात नाहीत. पण त्यात एक वाक्य होतं की लोआर नदीच्या काठानं ९०० किलोमीटर जा, एकही गाडी आडवी येणार नाही. ते वाचून मी पेपर बाजूला ठेवला आणि बहिणीला फोन लावला, ती म्हणाली ताई लिहीच आता पत्र. म्हणून हे.

थोडं आमच्याबद्दल सांगते म्हणजे पुढचं कळेल. माझं वय ६१, बहीण ५६ ची, दोघी काही खेळाडू वगैरे नाही. तिला खूप वर्षांपूर्वी एका गाडीनं मागून उडवलं होतं, हाड जुळलं पण डोक्यातली भीती गेली नाही, सायकल कायमची सुटली. मी मागे लागून लागून तिला पंचावन्नाव्या वर्षी परत सायकलवर बसवलं ते एकाच अटीवर, गाड्या नसतील तिथेच चालवणार. मग एका टूर कंपनीचं माहितीपत्रक हाती लागलं (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको), त्यात नैर्ऋत्य फ्रान्समधलं बोर्दो ते तुलूज आणि थोडं पुढे असा प्रवास, सामान ते गाडीनं पुढच्या मुक्कामी नेणार, आणि वर मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के ट्रॅफिक-फ्री'. झालं, सप्टेंबरात निघालो.

पहिले दोन दिवस काय सांगू. बोर्दोच्या बाहेर लात्रेन म्हणून गाव आहे तिथून सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत जुन्या रेल्वेलाइनवर सायकलचा रस्ता केलाय, पन्नासेक किलोमीटर, रूळ काढले आणि डांबर टाकलं. नाव रोजे लापेबी. हा लापेबी म्हणजे १९३७ ची तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकलेला गडी, त्याच वर्षी तिथल्या स्पर्धकांना गियर बदलायचं डिरेलर वापरायची पहिल्यांदा परवानगी मिळाली होती, आणि एका टप्प्याच्या आधी म्हणे त्याचं हँडल कुणीतरी करवतीनं अर्धवट कापून ठेवलं होतं तरी पठ्ठ्या जिंकला. जुनी स्टेशनं तशीच उभी आहेत, क्रेओंच्या स्टेशनात तर आता सायकली भाड्यानं मिळतात आणि हवा भरून मिळते. जिथे गाव ओलांडायचं तिथे फाटकवाल्याचं छोटं घर, आता त्यात कुणीतरी राहतंय, खिडकीत फुलांच्या कुंड्या. मध्ये एक बोगदाही लागतो, आत गेलं की एकदम थंड, बहीण आत शिरल्या शिरल्या जोरात घंटी वाजवत सुटली, समोर कुणीच नव्हतं, तिला नुसता आवाज घुमवायचा होता.

आणि चढ जवळजवळ नाहीच! याचं कारण मला फार आवडलं. वाफेच्या इंजिनाला चढ झेपायचा नाही, म्हणून जिथे टेकडी तिथे खोदायचं, जिथे खळगा तिथे भराव टाकायचा, अशी ती लाइन कशीबशी सपाट ठेवलेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेसिने नावाच्या मंत्र्यानं लहानसहान तालुक्याच्या गावांपर्यंत रेल्वे न्यायचा घाटच घातला होता, मग मोटारी आल्या, त्यातल्या कितीतरी लाइनी बंद पडल्या, आणि तेव्हा इंजिनासाठी केलेल्या खटाटोपाचा फायदा आज आमच्या गुडघ्यांना.

तिसऱ्या दिवशी सोव्हतेरमध्ये तो रस्ता संपला. संपला म्हणजे अक्षरशः संपला. पुढे तुलूजकडे जाणाऱ्या कालव्यापर्यंत पंधरा-वीस किलोमीटर साधे रस्ते, द्राक्षमळ्यांतून वर खाली वर खाली, आणि त्यावर गाड्या. खूप नाहीत हो, दहा मिनिटांत दोन-तीन असतील, पण शंभर टक्के ऐकून आलेल्या माणसाला एक गाडी पण ट्रकसारखी वाटते. पहिल्या चढावर मागून आवाज आला, बहिणीनं सायकल सोडून दिली आणि गवतात जाऊन उभी राहिली. येत होतं ते द्राक्षं तोडायचं मशीन, आपण कधी पाहिलंच नव्हतं असलं काही, एवढं उंच की द्राक्षाच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून वरून चालत जातं. तो ड्रायव्हर थांबला, इंजिन बंद केलं, खाली वाकून बघितलं आणि सायकल उचलून कडेला घेईपर्यंत बसून राहिला, मग हात केला आणि गेला. बहीण मात्र रडवेली झालेली, मला म्हणाली तू खोटं बोललीस. आता मी कुठे बोलले, बोललं ते माहितीपत्रक, पण तिला घेऊन आले होते मीच ना.

संध्याकाळी मुक्कामाच्या बाईंना विचारलं तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून समजावलं, आणि साहेब खरं तर एवढंच तुम्हाला सांगायचं होतं बाकी सगळा पाल्हाळ आहे. फ्रेंचमध्ये दोन शब्द आहेत. एक व्हुआ व्हेर्त, म्हणजे हिरवी वाट, हा कायद्यातला शब्द आहे, २००४ पासून त्यांच्या वाहतूक नियमांतच आहे, तिथे मोटार चालत नाही म्हणजे नाही, फक्त चालणारे, सायकलवाले आणि परवानगी असेल तिथे घोडेवाले. निळी चौकोनी पाटी असते, त्यावर माणसं आणि सायकल. दुसरा शब्द व्हेलोरूत. व्हेलोरूत म्हणजे लांब पल्ल्याचा सायकलमार्ग, त्यात हिरवी वाट असू शकते, गावातली सायकलपट्टी असू शकते आणि कमी रहदारीचा साधा रस्ताही असू शकतो, सगळं एकत्र शिवलेलं गोधडीसारखं. त्याच्या पाट्या पांढऱ्या, हिरवी किनार आणि हिरवी सायकल. म्हणजे सायकलचं चित्र दोन्हीकडे, आणि आमच्यासारखी नवी माणसं तिथेच फसतात. तुमच्या लेखातला लोआरचा मार्ग हा व्हेलोरूत आहे. सुंदरच आहे असं सगळे म्हणतात आणि मला जायचंही आहे, पण त्यात बरेच तुकडे गावरस्त्यावरून आणि नदीच्या बांधावरून जातात जिथे गाडी येऊ शकते. एकही गाडी आडवी येणार नाही हे चूक आहे हो.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, तिकडचे लोक शिस्तीचे असतात. असतात, मान्य. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे आणि आम्हाला भेटलेल्या बहुतेकांनी तो पाळला, वळणावर तर मागे मागे येत राहिले, हॉर्न नाही काही नाही. पण त्याच छोट्या रस्त्यांवर गाड्यांना ८० चा वेग चालतो, आणि ८० ची गाडी दीड मीटरवरून गेली तरी अंगावर वारं येतं. ज्याला सवय आहे त्याला काही नाही. पण ट्रॅफिक-फ्री हा शब्द वाचून घरातून कोण निघतं, तर लहान मुलं घेऊन जाणारे आईबाप, आमच्यासारख्या घाबरट बायका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले काका. पट्टीचा सायकलवाला तो शब्द बघून थोडाच जातो. म्हणून तो शब्द जपून वापरावा एवढंच म्हणणं आहे.

आता चांगलं सांगते नाहीतर वाटेल ही बाई नुसती कटकट करायला बसलीय.

फोंते गावाशी कालवा लागला आणि तिथून तुलूजपर्यंत सगळं बदललं. हा गारोन नदीला समांतर काढलेला कालवा, १९३ किलोमीटर, १८५६ मध्ये पुरा झाला, आणि नशीब असं की साधारण त्याच वेळी शेजारून रेल्वे आली आणि दोन वर्षांत कालवा चालवायलाही रेल्वे कंपनीकडेच दिला, म्हणजे बोकडाला पाल्याची राखण. बोटी मागे पडल्या. पण काठानं नावा ओढणाऱ्या घोड्यांची जी वाट होती ती राहिली, आणि आज तीच डांबर टाकलेली हिरवी वाट आहे. कालवा असल्यावर चढाचा प्रश्नच मिटला, पाणी काही टेकडी चढत नाही. जिथे उंची वाढते तिथे लॉक, म्हणजे पाण्याची पायरी म्हणा, दोन दरवाजांमध्ये बोट घ्यायची, पाणी भरायचं, बोट वर. अशी ५३ आहेत. सायकलवाल्याला प्रत्येक लॉकजवळ एक छोटासा उंचवटा, चार पायडल जास्त मारले की संपला. लॉकच्या घरावर पाटी असते, लॉकचं नाव आणि मागचं लॉक इतके मीटर पुढचं लॉक इतके मीटर, आणि आमचा पूर्ण दिवस त्या पाट्यांवरच चालायचा, पुढच्या लॉकला चिकू खायचे... चिकू कुठले, प्लम! आजां भागातला हा प्लमचा मोसम, तिथले सुकवलेले प्लम फार प्रसिद्ध आहेत, पण ताजे प्लम खाल्ल्यावर ते विकत घ्यायची इच्छाच राहिली नाही.

एक पांढरी बोट होती, त्यात चार म्हातारे. लॉकच्या अलीकडे पाण्यावर एक काठी लोंबत असते, बोटीतून हात वर करून ती पिळायची की लॉकचं काम सुरू होतं. त्यातले एक आजोबा दर वेळी काठी चुकायचे, बोट पुढे निघून जायची आणि बाकीचे तिघं ओरडायचे. आम्ही त्यांना सकाळी गाठायचो, मग आम्ही कॉफीला थांबलो की ते पुढे, मग परत आम्ही, दोन दिवस हेच चाललं. चौथ्यांदा भेटल्यावर त्यांनी आम्हाला टाळ्या वाजवल्या.

आजांला कालवा पुलावरून नदी ओलांडतो. नीट वाचा, कालवा पुलावरून जातो, ५३९ मीटर लांब दगडी पूल, २३ कमानी, वर पाणी आणि पाण्यात बोट, खाली गारोन नदी. आम्ही उतरून सायकली हातात धरून चाललो कारण मला एकाच वेळी दोन्हीकडे बघायचं होतं. मोआसाकजवळ असाच दुसरा पूल आहे तार्न नदीवर, १९३० च्या पुरात शेजारचा रेल्वेचा पूल वाहून गेला तेव्हा काही काळ आगगाड्याच या कालव्याच्या पुलावरून नेल्या होत्या. आणि माँतेकला तर वेडेपणाची कमाल, पाच लॉक वाचवायला १९७४ मध्ये एक उतार बांधला, त्यावर दोन इंजिनं मिळून पाण्यासकट बोट वर ढकलत न्यायची. आता बंद आहे, पण इंजिनं बघायला मिळतात, सायकल टेकवून अर्धा तास बघत बसलो.

ल मास-दाजने नावाचं एवढंसं गाव आहे, कालव्यावरून वर चढून जावं लागतं, तिथल्या चर्चकडे थोर चित्रकार रेम्ब्रांटचं १६३१ सालचं खरं चित्र आहे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, परत आल्यावर कळलं. आम्ही त्या गावाच्या खाली बसून सँडविच खात होतो! हे मात्र तुमच्या लेखात असायला हवं होतं.

आता पोटाचं. फ्रान्सच्या खेड्यात सोमवारी जाऊ नका, म्हणजे जा पण रविवारी दुकान उघडं असेल तोवर खायचं घेऊन ठेवा. सोमवारी बेकरी बंद, किराणा बंद, कॅफे बंद, रस्त्यावर कुत्रं पण नाही. इतर दिवशीही बारा ते दोन जेवणाची सुट्टी म्हणजे सुट्टी, आपल्याला भूक लागते नेमकी तेव्हाच. एका गावात दीड वाजता पोचलो, सगळी शटर खाली, आणि चौकात पावाचं मशीन. एटीएमसारखं, एक युरो आणि वर काही सेंट टाकले की धप्पकन लांबडा पाव पडतो. बहीण म्हणाली अजून एक टाक, तिला तो पडताना बघायचा होता. पाण्याची युक्ती मला एका जर्मन आजींनी शिकवली, बाटली रिकामी झाली की गावाचं कब्रस्तान शोधायचं, फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतोच. फक्त नळावर पाटी आहे का बघायची, पिण्यायोग्य नाही असं लिहिलेलं असतं कधी कधी. पहिल्यांदा कसंतरी वाटलं, मग सवय झाली.

आणि दुकानात शिरताना आधी बोंजूर म्हणायचं, मग काय हवं ते बोलायचं. आम्ही पहिल्या दिवशी थेट 'टू कॉफी' म्हणालो, त्या बाईनं आमच्याकडे असं बघितलं की कॉफी थंडच झाली असेल. हिरव्या वाटेवर पण तेच, समोरून येणारा प्रत्येक जण बोंजूर, दुपारपर्यंत घसा बसतो.

हिरवी वाट म्हणजे सगळं गुळगुळीत असंही नाही. काठावर प्लेन नावाची, आपल्या चिनारच्या कुळातली झाडं आहेत, त्यांची मुळं डांबराखालून वर येतात, सावलीत ते दिसत नाही आणि खटकन बसतं. रस्ता ओलांडायच्या जागी गाड्या आत शिरू नयेत म्हणून अरुंद लोखंडी अडसर लावलेत, त्यात बहिणीची पॅनियर, म्हणजे कॅरिअरला लावायची पिशवी, अडकून फाटली, पुढे दोरी बांधून चालवली. हेल्मेट मोठ्यांना सक्तीचं नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना आहे, पण आम्ही घातलं. काळोख पडल्यावर गावाबाहेर चमकणारं जॅकेट मात्र सगळ्यांना सक्तीचं.

तुलूजनंतर कनाल दु मिदी, तो तर दीडशे-दोनशे वर्षं अजून जुना, १६८१ चा, रिके नावाच्या माणसानं बांधला आणि पुरा व्हायच्या काही महिने आधीच तो वारला. पहिले पन्नास किलोमीटर डांबरी, नंतर सगळीकडे तसं नाही, माती खडी मुळं. आम्ही नोरूझला थांबलो, तिथे कालव्याची सगळ्यात उंच जागा, १८९ मीटर, तिथून पाणी एकीकडे अटलांटिककडे आणि दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे उतरतं. त्या दिवशी ओताँ नावाचं तिकडचं वारं समोरून सुटलं होतं, सपाट रस्त्यावर पहिल्या गियरमध्ये चाललो होतो, तिकडे म्हणतात या वाऱ्यानं माणूस वेडा होतो, दुपारी चारपर्यंत आम्ही अर्ध्या झालोच होतो. मन खट्टू झालं ते झाडांमुळे. या कालव्यावर ४२,००० च्या आसपास प्लेनची झाडं होती, २००६ मध्ये त्यांच्यात एक बुरशी सापडली, लागली की झाड वाचत नाही आणि पाण्यातून, मुळांतून पुढे पसरत जाते, म्हणून तोडून जाळावी लागतात. फोटोत बघितलेला तो हिरवा बोगदा आता सलग मिळेलच असं नाही. नवी झाडं लावतायत, वेगवेगळ्या जातींची, पण ती अजून आमच्या खांद्याएवढी.

अजून एक फायद्याची गोष्ट. गारोनच्या कालव्याच्या शेजारून ती रेल्वे अजून जाते, मार्मांद, आजां, मोआसाक अशी स्टेशनं लागत राहतात आणि तिथल्या लोकल गाडीत, तेएर म्हणतात, सायकल चढवता येते. थकलात, पाऊस आला, भांडण झालं, बसा गाडीत. आमचं एकदा झालं, तिकीट काढायच्या आधी मिटलं. राहायची जागा निवडताना आक्य व्हेलो ही खूण बघा, ही खूण असली की सायकल ठेवायला कुलूपबंद जागा, दुरुस्तीची हत्यारं वगैरे मिळतं, आणि अशा जागा मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात. दमलेल्या माणसाला ते पाच किलोमीटर पण पुष्कळ होतात, त्यामुळे नक्की किती हे आधीच विचारा.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा मार्ग छापाल तेव्हा सोबत छोटा नकाशा द्या आणि दोन रंग वापरा, मोटार नाहीच तो एक रंग, मोटार येऊ शकते तो दुसरा, आणि डांबर की खडी ते लिहा. ज्यांना एकही गाडी नकोय त्यांना बरगंडीतला जिव्ह्री ते क्ल्युनी सांगा, १९९७ ची, फ्रान्समधली पहिली हिरवी वाट, तीही जुन्या रेल्वेवरचीच. तिथून पुढे माकोंकडे जाताना दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे, हिवाळ्यात वटवाघळांसाठी बंद असतो. आम्ही पुढच्या मे महिन्यात तिकडे जायचं म्हणतोय. बहिणीनं नकाशा मागवलाय आणि यंदा मार्ग ती स्वतः तपासणार आहे, माझ्यावर आणि माहितीपत्रकांवर तिचा भरवसा उरलेला नाही.

कळावे,
तुमची एक जुनी वाचक

ता.क. टूर कंपनीला आम्ही पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं की शंभर टक्के म्हणजे 'साधारणपणे'.